पाचवा मुद्दा

निलेशचा मेसेज आला तेव्हा कुंदा भेंडी चिरत होती. मेसेज वाचून झाल्यावर तिनं उरलेली भेंडी तशीच ताटात ठेवली आणि फरशी पुसायला घेतली. फरशी सकाळीच पुसून झाली होती. पण डोकं फिरलं की कुंदाला काहीतरी पुसायला लागायचं, त्याला ती तरी काय करणार!

"काशीरामकाकांच्या मानपत्राचे पॉइंट्स पाठवतोय मावशी," असं वर लिहिलेलं आणि खाली सात मुद्दे. निलेश हा सडेवाडी ग्रामविकास मंडळ, मुंबई, याचा चिटणीस. वय चौतीस, नोकरी अंधेरीला, आणि जगातली सगळी कामं मोबाइलवरून उरकायची हौस. काशीराम म्हणजे त्याचे सख्खे चुलते, मंडळाचे माजी अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. येत्या रविवारी बोरिवलीच्या हॉलमध्ये मंडळाचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात त्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि फ्रेममधलं मानपत्र. मानपत्र म्हटलं की ते कुंदा लिहिणार, हे गेली बावीस वर्षं ठरलेलं होतं. बोरिवलीच्या एका शाळेत ऑफिसात कारकुनी करणारी बाई, पण तिचं मराठी असं की ऐकणाऱ्यानं खुर्ची पुढे ओढावी.

मुद्दे वाचताना चौथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. गावच्या शाळेचं छप्पर, देवळाचा जीर्णोद्धार, वधूवर मेळावा, दहावीच्या मुलांना वह्या. पाचवा मुद्दा असा होता: "गिरणी संपाच्या काळात लालबागच्या गाळ्यातील चाळीस संपकरी बांधवांच्या जेवणाची दीड वर्ष अखंड सोय केली. हा मेन पॉइंट आहे मावशी, जरा मस्त फुलवा."

कुंदानं फरशी पुसली. मग खिडकीचं ग्रिल पुसलं. मग मिक्सर पुसला, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपण गेली पाच मिनिटं मिक्सरचं एकच बटण पुसतोय.

आतल्या खोलीत तिची आई पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. द्रौपदी तिचं नाव, वय ऐंशी. दहिसरच्या त्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. कुंदाचं लग्न राहिलं ते राहिलंच. द्रौपदीचे गुडघे गेले होते, एका कानानं कमी ऐकू यायचं, पण हाताची सवय गेली नव्हती. दोघींच्या भाताला तांदूळ घेताना ती अजूनही दोन मुठी जास्त घ्यायची. "कोण तरी येताच," म्हणायची. कोणी येत नसे. मग तो भात कुंदा शेजारी देऊन यायची.

पाचवा मुद्दा म्हणजे ही बाई होती. काशीराम नव्हे.

*

गाळा म्हणजे गावकीची खोली. सडेवाडीचे बाप्ये गिरणीत नोकरीला आले की सगळे त्या एका खोलीत राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. शेजारच्या दहा बाय दहामध्ये द्रौपदी आणि तिचा नवरा धोंडू. धोंडूही गिरणीतलाच. द्रौपदी गाळ्यातल्या माणसांची खानावळ चालवायची. संपाच्या आदल्या वर्षी धोंडू काविळीनं गेला आणि घरात उरल्या द्रौपदी आणि बारा वर्षांची कुंदा. मग संप झाला. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, माणसं दिवसभर भिंतीला टेकून बसायला लागली. द्रौपदीनं चूल बंद केली नाही. गावी जायची, घराघरातून तांदूळ-कुळीथ मागायची, एसटीच्या टपावर पोती घालून घेऊन यायची. भात आणि कुळथाची पिठी. ताटं सगळी मिळून पंधरा, त्यामुळे तीन पंगती उठायच्या, आणि प्रत्येक पंगतीनंतर ताटं घासायची ती कुंदा. राख बोटांच्या भेगांत जायची, झोंबायचं. तिसरी पंगत उठली की आई म्हणायची, "माका भूक नाय गो, तू जेव." पोरगी जेवायची. आईला भूक का नसते, हे कळायला तिला फार वर्षं लागली.

आणि आता म्हणे काशीरामकाकांनी सोय केली!

तुम्ही म्हणाल, मानपत्रात खोटं असतंच, त्यात एवढं काय. असतं. कुंदानंही थोडं का लिहिलं होतं? 'अजातशत्रू', 'प्रसिद्धिपराङ्मुख', 'सदैव हसतमुख' ही तिची ठेवणीतली भांडी, दरवर्षी काढायची आणि दरवर्षी वापरायची. एकदा तिनं 'मितभाषी' लिहिलं होतं अशा माणसाला, की ज्याच्या हातातला माइक शेवटी दोघांनी मिळून काढून घेतला.

पण सडेवाडीवाल्यांचं मानपत्र इतरांसारखं नसतं. इतर मंडळांत कोणीतरी येतं, वाचतं, लोक अल्पोपाहाराकडे डोळे लावून टाळ्या वाजवतात, संपलं. इथं स्टेजवर गावच्या देवाचा, रवळनाथाचा फोटो मांडायचा, पुढ्यात नारळ ठेवायचा आणि मानपत्र गाऱ्हाण्यासारखं म्हणायचं. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात ना, एकानं देवाला हाक मारून एकेक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी दरवेळी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची, तसंच. पूर्वी कधीतरी कोणीतरी गमतीत सुरू केलं आणि गमतीची रीत झाली. रीत म्हटली की नियम आले. ज्यानं लिहिलं त्यानंच वाचायचं. ज्याचं मानपत्र, त्याला ते आधी दाखवायचं नाही. वाचन संपेपर्यंत त्यानं उभं राहायचं, बसायचं नाही, आणि तोंड उघडायचं नाही, कारण आपल्याच कौतुकाला आपणच व्हय कसं म्हणणार?

'मितभाषी'ला हॉल पोट धरून हसला होता, पण "व्हय म्हाराजा" म्हणालाच. थोडं वाढवून सांगितलेलं देव चालवून घेतो, असं सगळ्यांचं मत. पण हे वाढवून सांगणं नव्हतं. हे एकीचं काढून दुसऱ्याला देणं होतं, आणि तेही कुंदाच्या तोंडून, रवळनाथासमोर.

तिनं निलेशला फोन लावला.

"निलेश, तो पाचवा मुद्दा कुठून आणलास रे?"

"स्मरणिकेतून, मावशी. नव्वद सालची, रौप्यमहोत्सवाची. पान अकरा. का, काय झालं?"

"जेवण काकांनी नाही घातलं. माझ्या आईनं घातलं."

"हो? काय सांगता! भारीच की." तो मनापासून म्हणाला, हे खरं. पण लगेच त्याचा आवाज चिटणिसाचा झाला. "पण मावशी, स्मरणिकेत काकांचं नाव आहे ना. छापलेलं आहे."

"छापलेलं आहे कारण तेव्हा बायकांना मंडळाचं सभासद करत नव्हते. बाबा गेले आणि आमच्या घरातलं नावच पटावरून गेलं. मग खानावळ कोणाच्या नावावर दाखवणार? चिटणिसाच्या. आणि तेव्हाचे चिटणीस कोण? तुझे काका."

"म्हणजे टेक्निकली बघितलं तर..."

"टेक्निकली तू गप बस."

निलेश हसला. वाईट पोरगा नव्हता तो, हेच तर त्रासाचं होतं. वाईट असता तर कुंदानं दोन शब्द सुनावून फोन ठेवला असता. "मावशी, असं करू ना. आजीचा पुढच्या वर्षी महिला दिनाला वेगळा सत्कार करू, झकास. आत्ता काकांच्या मानपत्रात मध्येच दुसऱ्याचं नाव कसं घालणार? त्यांचा दिवस आहे ना तो. आणि उद्या संध्याकाळपर्यंत द्या हां, नाहीतर फ्रेमवाला वाट लावेल. अरे हो, आणि वर हेडिंग काय टाकायचं? मानपत्र की प्रशस्तिपत्र? फरक असतो का काही?"

पुढच्या वर्षी! गेल्या दिवाळीत आठ दिवस दवाखान्यात काढून आली होती म्हातारी. डॉक्टर हळू आवाजात बोलले होते. "विचारून सांगते," कुंदा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

*

विचारायचं कोणाला, तर मार्तंड सरांना. कुंदाच्याच शाळेत त्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं होतं. निवृत्त होऊन आता वझिरा नाक्याजवळ राहत होते. हेडिंगचं निमित्त होतं. खरं म्हणजे कुंदाला घरात आईसमोर बसवत नव्हतं. रिक्षातही तिला बसवेना, दोनदा तिनं रिक्षावाल्याला "किती वेळ हो?" विचारलं आणि दोन्ही वेळा सिग्नल तोच होता.

सरांनी प्रश्न ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त मास्तराला कोणी शब्दाचा अर्थ विचारायला घरी आलं, की त्याला सणच वाटतो.

"मानपत्र सरळ आहे, मान देणारं पत्र," ते म्हणाले. "प्रशस्ती मात्र जुनी. शिलालेखांत असते, ताम्रपटांत असते. राजाच्या पदरचा कवी ती लिहायचा. राजानं काय काय जिंकलं, काय काय दान दिलं, सगळं दगडात कोरून ठेवायचं."

"ते सगळं खरं असायचं?"

"कवी राजाच्या घरचं जेवत होता, कुंदा. तूच ठरव."

कुंदाला हसू आलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "पण शब्द त्याहून जुना आहे. मूळ धातू शंस्. मोठ्यानं म्हणणं, जाहीर सांगणं आणि स्तुती करणं, हे सगळं त्यातच. यज्ञात ऋत्विज मोठ्यानं ऋचा म्हणायचा, त्यालाही शंसन म्हणायचे. म्हणजे प्रशस्ती ही बोलायची गोष्ट. ती चार माणसांत उच्चारावी लागते. घरात बसून मनातल्या मनात कोणाचं चांगलं चिंतलं, तर ती प्रशस्ती नव्हे."

"म्हणजे ऐकायला माणसं लागतात."

"लागणारच. नाहीतर सांगायचं कोणाला?"

"आणि सर, सांगितलेलं खोटं असलं तर?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांची बायको, सुहासिनीताई, चहा ठेवून गेली होती. त्यावर साय धरली होती आणि कुंदानं कपाला हातही लावला नव्हता. "धातूला खरं-खोटं कळत नाही," सर म्हणाले. "ऐकणाऱ्याला कळतं. झालंय काय तुला?"

"काही नाही," कुंदा म्हणाली, आणि तो गार चहा एका दमात पिऊन निघाली. हेडिंगचं उत्तर घ्यायचं ती विसरलीच.

*

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं एका दाखल्यावर दोनदा शिक्का मारला. तीन वाजता घरी आली आणि तांब्याची कळशी चिंचेनं घासायला बसली. द्रौपदी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काय झाला गो? कालपासना बघतंय. ती कळशी भोक पडासर घासतलंस काय?"

कुंदा बोलायचं नाही म्हणत होती आणि बोललीच. मोबाइल काढून पाचवा मुद्दा तिनं आईच्या चांगल्या कानाशी मोठ्यानं वाचला. वाचताना तिचा आवाज कापला, रागानं.

द्रौपदी हसली. "मगे? लिही."

"काय लिही? आई, तू जेवण केलंस! मी ताटं घासलीत! अजून बोटांना आठवतंय माझ्या!"

"आणि रॉकेल?" द्रौपदी म्हणाली. "रॉकेल कोण हाडी? तू झोपान असायचंस, तुका काय ठावक. तो काशीराम पहाटे तीनाक उठान रांगेत उभो ऱ्हवायचो. दीड वर्ष. एकदा रांगेत पोलिसांची काठी बसली, तरी डबो खाली ठेवल्यान नाय. रॉकेल नसता तर माझी चूल पेटली असती काय?"

हे कुंदाला ठाऊक नव्हतं. पण राग गेला नाही, उलट त्याला बसायला जागा मिळेना म्हणून तो जास्तच घुसमटला. "मग तेच लिहू ना! रॉकेल आणलं म्हणून लिहू. जे केलं ते लिहू."

"तेचो दिवस आसा तो. भरलेल्या लोकांत म्हाताऱ्या माणसाक कमी पाडतलंस? माझी शपथ आसा तुका. जसा दिल्यानी तसा लिही."

"आणि तुझं काय?"

"माझा काय? चाळीस जण जेवले, ता माका ठावक आसा." एवढं बोलून ती आत वळली. दोन पावलं गेली आणि थांबली, पाठमोरीच. "गाळ्यातले सगळे येतले काय गो?"

"पाच-सहाच उरलेत. ते येतील."

"आणि माझा नाव खय येत नाय मां त्येच्यात?" तिनं असं विचारलं, की जसं बाजारातून कोथिंबीर आणलीस का म्हणून विचारावं.

"नाही," कुंदा म्हणाली.

"बरा," म्हणाली द्रौपदी. पलंगावर जाऊन बसली, आणि सकाळी निवडून डब्यात भरलेले तांदूळ सुपात ओतून पुन्हा निवडायला लागली.

कुंदाला तेव्हा इतकं रडू आलं, की ती चिंचेचे हात घेऊन तशीच न्हाणीघरात गेली. पण शपथ ती शपथ. पाच वाजता तिनं मानपत्र लिहिलं. पाचवा मुद्दा फुलवला. मस्त फुलवला, आणि मानपत्र निलेशला पाठवून दिलं. त्यानं तीन अंगठे आणि एक नारळ पाठवला.

*

रविवारी दुपारी चारला हॉल भरला. लहान पोरं खुर्च्यांमधून पळत होती, बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या, मागे बटाटेवड्यांचा वास सुटला होता. पहिल्या रांगेत गाळ्यातले म्हातारे बसले होते, सहाजण, काठ्या गुडघ्यांत धरून. द्रौपदी त्यांच्यामागे, कडेच्या खुर्चीवर. तिनं मोरपिशी साडी नेसली होती, जी दिवाळीतही काढली नव्हती. त्या साडीकडे कुंदाला बघवत नव्हतं.

काशीरामकाका स्टेजवर उभे राहिले. उंच माणूस, आता वाकलेला. अंगावर शाल आली, हातात नारळ आला. निलेशनं फ्रेम कुंदाच्या हातात दिली. वर सोनेरी अक्षरांत 'मानपत्र' होतं. त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं. कुंदा माइकसमोर गेली. तिनं फोटोतल्या रवळनाथाकडे बघून हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरं आज मुंबई मुक्कामी एकत्र जमली आहेत. काशीराम यांनी गावच्या शाळेवर छप्पर घातलं, पोरांची डोकी भिजायची वाचली, ते तुझ्या कानावर घालतो आहोत..."

"व्हय म्हाराजा!"

हॉल असा गरजला, की वड्यावाल्यानं मागून डोकावून पाहिलं. देवळाचा जीर्णोद्धार. "व्हय म्हाराजा!" वधूवर मेळावा. त्यात जमलेली दोन जोडपी तिथंच बसलेली, त्यांनी जास्तच जोरात म्हटलं, लोक हसले. वह्या. "व्हय म्हाराजा!"

कुंदानं पुढची ओळ बघितली. शब्द तिचेच होते. तिला वाटलं, फ्रेम खाली टाकावी, काच फुटेल, गोंधळ होईल, आणि या गोंधळात सगळं राहून जाईल. मग वाटलं, आई बघतेय. तिनं वाचलं, एका श्वासात, मान वर न करता.

"गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि चुली विझल्या, त्या काळात दीड वर्ष लालबागच्या गाळ्यातल्या चाळीस जिवांच्या मुखी ज्यांनी घास घातला, ते काशीराम..."

ती थांबली. इथं लोकांनी म्हणायचं होतं.

मागच्या बाजूनं पोरांनी सवयीनं सुरू केलं, "व्हय म्हा...", आणि आवाज विरला. कारण पुढची रांग गप्प होती. सहाच्या सहा म्हातारे काठ्यांवर हनुवट्या टेकवून रवळनाथाच्या फोटोकडे बघत होते. 'मितभाषी'ला हसून हो म्हणणारी माणसं ती. पण द्रौपदीच्या हातची पिठी ज्यांच्या पोटात गेली होती, त्यांना देवासमोर हे म्हणवेना. म्हातारे गप्प, म्हणून त्यांच्या सुना गप्प, म्हणून नातवंडं गप्प. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पंखे तेवढे फिरत होते. काशीरामकाका नारळ छातीशी धरून उभे होते.

निलेश विंगेतून हातवारे करून लोकांना म्हणा, म्हणा असं खुणावत होता. मेला!

आणि तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून आवाज आला. एकटाच, फाटलेला, म्हातारा.

"व्हय म्हाराजा!"

द्रौपदी. तिला त्या माणसाला भरल्या सभेत असं उपाशी उभं ठेववेना. चाळीस जणांच्या गाळ्यात तिनं जे केलं, तेच चारशेंच्या हॉलमध्येही केलं. ती पुन्हा म्हणाली, जास्त जोरात, मान हलवून, आणि पुढच्या म्हाताऱ्याला तिनं मागून बोटानं ढोसलं. "म्हणा मेल्यांनो! व्हय म्हाराजा!"

कोणी म्हणालं नाही.

काशीरामकाकांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी ते केलं जे मानपत्राच्या माणसानं करायचं नसतं. तोंड उघडलं.

"नाय म्हाराजा," ते म्हणाले.

माइक लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. निलेश पाण्याची बाटली घेऊन धावला. "तू थांब रे," त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं आणि दोन पावलं पुढे येऊन माइकच्या दांडीला धरलं. "खोटा आसा ता. नव्वद साली स्मरणिकेत छापून इला तेव्हाच माका सांगूक होया होता. लोकांनी पाठ थोपटली, माका बरा वाटला. मी गप ऱ्हवलंय. आज सांगतलंय, उद्या सांगतलंय, करत पस्तीस वर्षा गेली." त्यांना दम लागला. "मी रॉकेल हाडलंय. जेवाण तिना केला. तीन पंगती वाढून ती भांड्यात पाणी घालून पिऊन निजायची, ता मी बघलंय या डोळ्यांनी. आणि आज पण वाढताच आसा माका, बघलात मां?"

हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. काशीरामकाका कुंदाकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाजात मात्र जुन्या अध्यक्षाचा हुकूम होता. "कुंदा, परत वाच. बरोबर वाच."

कुंदानं फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. लिहिलेलं काही नव्हतं. पण हे वाक्य ती गुरुवारपासून फरशी पुसताना, रिक्षात, कळशी घासताना मनात म्हणत होती. आता ते चार माणसांत उच्चारायचं होतं, एवढंच.

"बा देवा रवळनाथा," ती म्हणाली, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाली, "बा देवा रवळनाथा, भोंगे बंद पडले त्या दीड वर्षात गाळ्यातल्या चाळीस जणांना जिनं एक दिवस उपाशी निजू दिलं नाही, पोती वाहिली, तीन तीन पंगती वाढल्या आणि स्वतः पाणी पिऊन झोपली, आणि आमच्या पटावर जिचं नाव आम्ही कधी लिहिलं नाही, ती ही धोंडूची द्रौपदी. आणि तिची चूल विझू नये म्हणून पहाटे तीनला रॉकेलच्या रांगेत उभे राहिले, काठी खाल्ली पण डबा सोडला नाही, ते हे काशीराम. ते तुझ्या कानावर घालतो आहोत."

पुढच्या रांगेतल्या सहा काठ्या एकदम जमिनीवर आपटल्या.

"व्हय म्हाराजा!"

मागून पोरं ओरडली, बायका ओरडल्या, वड्यावाला झारा हातात घेऊन ओरडला. पहिला आवाज खाली बसायच्या आत दुसऱ्यांदा उठला, "व्हय म्हाराजा!" आणि कुंदा डोळे पुसत आईकडे बघत होती. सगळा हॉल म्हणत होता आणि द्रौपदी एकटी म्हणत नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले होते. रीत तिला ठाऊक होती. ज्याचं मानपत्र, त्यानं तोंड उघडायचं नाही.

मग तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. शेजारणीनं हात द्यायला पुढे केला तो तिनं घेतला नाही. मोरपिशी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन, मान खाली घालून, ती उभी राहिली.

अजून दोन मुद्दे बाकी होते. गावचा एसटी थांबा आणि स्मशानातली शेड, दोन्ही काशीरामकाकांचेच. कुंदानं फ्रेम पुन्हा सुलटी केली आणि ते वाचले. खाली कोणीतरी "बसा आजी, पाय दुखतील," म्हणालं. वाचन संपेपर्यंत द्रौपदी बसली नाही.